तीनच्या भोंग्यानंतरचं राज्य

बोईसर

ती. रामकिसनमामांस,

भाग्येशचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे.

कळविण्यास आनंद की मैदानावरच्या वार्षिक कलामहोत्सवात समारोपाला आमचंच नाटक आहे. ही पक्की बातमी. महोत्सवाच्या प्रमुख, शेजारच्या मुरबे गावच्या पुष्पलताबाई यांनी काल बाजारात मासळी विकता विकता सांगितली. (सलग तीन वर्षं आम्ही पहिल्याच फेरीत बाद. यंदाही तसंच झालं असतं, तर कारखान्यातली आमची मंडळी मोडलीच असती.)

महोत्सव मात्र बघण्यासारखा. वर मोकळं आकाश, समोर दोन हजार माणसं. पहिल्या फेरीत आमच्या आधी मुरब्याच्या बायका नाचल्या. माइक बंद पडला, तरी त्यांचं गाणं पार रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू गेलं. लोक त्यांना सोडेनात, त्यामुळे आमचं नाटक तासभर उशिरा सुरू झालं. मी राजा. ऐन दरबारात कारखान्याचा पाळी सुटल्याचा तीनचा भोंगा झाला, आणि समोरून सेनापती आला. तो विक्रम. (अकरा वर्षं तीन वाजता माझ्याकडून मशीनचा चार्ज तोच घेतो.) माझा हात आपोआप मुकुटाकडे गेला. मुकुट त्याच्या हातात देत मी म्हणालो, "प्रधानावर लक्ष ठेव. राणीसाहेब सकाळपासून तापल्यात. सिंहासनाचा डावा पाय ढिला आहे." विक्रमनं विचारलं, "बाकी नॉर्मल?" आणि तो सिंहासनावर बसला. मी अंगरख्यासकट थेट शिफ्टच्या बसच्या रांगेत. मागे विक्रमनं शेवटपर्यंत राज्य चालवलं, युद्ध तेवढं सेनापतीविना झालं.

एका परीक्षकानं आम्हाला बाद करायला काढलं. पुष्पलताबाईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "आमचे बोटीवर सुकाणू दुसऱ्याचे हातात देताना वारा कुठचा हाय ते सांगतात. ह्यानी राज्य दिलंन, ते काय मुक्याने द्यायचं?"

रविवारी समारोपाला हाच प्रवेश पुन्हा हवा, असं त्यांचं फर्मान आहे.

आपला,
भाग्येश

ता. क. चार दिवस इकडे या. समुद्राची हवा मामींनाही मानवेल.

ता. क. २. खरं सांगतो, विक्रम आता मुकुट सोडत नाही, त्यामुळे सेनापतीची जागा रिकामी आहे. तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत, फौज तुम्हाला जड नाही. बोलायचं काही नाही, फक्त मरायचं आहे. मिशा असू द्याव्यात.

ता. क. ३. तुमचा होकार पुष्पलताबाईंना मी कळवलेला आहे. शनिवारी विक्रम तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येईल. गाडी तीनच्या आत पोहोचेल अशी बघा. तीनला तो चार्ज घ्यायला जाईल.