फाटकाशी ओतलेलं पाणी

मैलूर, बीदर
मार्च १९३६

तीर्थरूप राघोअण्णास सोजराचा दंडवत.

मावशीकडं माझं बरं चाललंय. आईचा गुडघा कसा हाय? तिला रोज शेक घ्यायला सांग.

अण्णा, मला तुझा लई राग आलाय. परवा तू शाळेच्या फाटकाशी आलास. उन्हातून आलास म्हणून माझी मैत्रीण जुलेखा धावत जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आली. तू तिचं नाव विचारलंस आन् ते पाणी तिच्यादेखत मातीत ओतलंस. वर म्हणालास, "आपल्यात चालत न्हाई."

पहिल्या वर्षी मीबी तिच्याजवळ बसत नव्हते. तूच तसं शिकवून धाडलं होतंस. बाईंचं उर्दू मला कळायचं न्हाई, सगळा वर्ग हसायचा. तवा जुलेखानंच माझा हात धरून अलिफ-बे गिरवून घेतलं. आता तू गावभर मिरवतोस, "माझी बहीण तहसिलीचे उर्दू कागद वाचती." कुणामुळं वाचती?

परवा मी गप उभी राहिले, त्याची लाज वाटायलीय. काल वर्गासमोर तिची माफी मागितली. आता तू माग.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाई है तेरा, इत्ता कडक नक्को लिख."

मी एक अक्षर खोडलं न्हाई.

रागावलेली, तरी तुझीच,
सोजरा