पन्नासचा आवाज

९ सप्टेंबर, मंगळवार

परत घूं! भाऊच्या स्पीकरमधून दिवसभर तेच. पाना विसरल्याचं सांगून तीनदा वर त्याच्या लॅबमध्ये जाऊन आलो. भाऊ टेबलाखाली आडवा. वायर काढतो, लावतो, ऐकतो. "पन्नास हर्ट्झ आहे रे कुंदन. लाइटीचा पन्नास. कुठून घुसतोय कळत नाही."

दीपनगरच्या पॉवर स्टेशनात भाऊ इंजिनियर होता, ती नोकरी पन्नासचीच. आकडा पन्नासवरून जरा हलला की सगळ्यांची धावपळ. पाच वर्षं सांभाळला तो पन्नास. मग नोकरी सोडली, मेंदूचं शिकायला लागला. आता बेंगळुरूत बसून तोच पन्नास हाकलतोय.

१२ सप्टेंबर

मला मेंदूतलं काय कळतं! आठवी नापास. या संस्थेत लाइटीच्या कॉन्ट्रॅक्टरकडे हेल्पर, तेही भाऊच्या ओळखीने. पण आवाज कळतो. घूं नव्हती तेव्हा भाऊने ऐकवलं होतं. उंदराच्या डोक्यात केसाहून बारीक तार, आणि स्पीकरमधून तड, तडतड — ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं. "ही एक पेशी बोलतेय." उंदीर नवी वाट शिकला की तिचा ताल बदलणार, असं भाऊचं म्हणणं. ते दाखवलं तर अजून तीन वर्षं इथे. नाहीतर ऑक्टोबरअखेर खोली खाली करा.

१४ सप्टेंबर, रविवार

मायचा फोन. "बठ्ठा गाव इचारस, इंजिनेर व्हता, आते उंदिरना डोकामा काय धुंडस?"

म्हटलं, मोठं काम शे माय.

"मोठं शे तं तुना आवाज असा का?"

मग निंबा मामाने फोन घेतला. दीपनगरला ठेकेदाराकडे सुपरवायझरची जागा आहे म्हणे. "भाऊले सांग. शानपन करू नको म्हना आते."

सांगितलं नाही.

२० सप्टेंबर

दोन दिवस हॉस्टेलच्या कामावर पाठवलं होतं. वर जाता आलं नाही.

२१ सप्टेंबर

सुट्टी, तरी गेलो. घूं आहेच. पण भाऊ टेबलाखाली नव्हता. खुर्चीवर बसून घूं ऐकत होता.

२६ सप्टेंबर

भाऊच्या गाइड मॅडम आल्या. पाच मिनिटं ऐकलं. "प्रेमराज, यात गोंगाटाशिवाय काय आहे?" भाऊ म्हणाला, "तो गेल्याशिवाय काही सांगता येत नाही मॅडम." मी दारात स्टूल धरून उभा.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहू का नको? लिहितो.

पंप रूममध्ये आज फोरमनने झापलं. "दो जगह अर्थ क्यों दिया? करंट चक्कर मारेगा, सब मशीन गुनगुनाएगा!"

भाऊच्या टेबलाभोवती बाहेरचा गोंगाट अडवायला तांब्याच्या जाळीचा पिंजरा आहे. त्याला संस्थेचं अर्थिंग आहेच. ऑगस्ट संपता संपता मीच त्याला दुसरी वायर जोडली. मागून, पाण्याच्या लोखंडी पाइपाला. कोणाला न विचारता. केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने आवळून, नाना, आमचे वडील, मारायचे तशी दुहेरी गाठ मारून. घरून येताना सोपटाची जुडी आणतोच मी, टेप सुटते, सोपट सुटत नाही.

भाऊ दिवसभर त्या पिंजऱ्यात हात घालून बसतो. बघवत नव्हतं. आमच्या पाचोऱ्याकडच्या विहिरीवर नाना मोटार चालू करायला गेले, स्टार्टरच्या पेटीला हात लावला, तिथेच चिकटले. पेटीला अर्थिंग नव्हतं. मी आठवीत होतो. तेव्हापासून जिथे हात लावीन तिथे एक अर्थिंग जास्तच देतो.

त्याच वायरीने भाऊचा महिना खाल्ला!

६ ऑक्टोबर

सांगायला गेलो. भाऊ म्हणाला, "चहा आण." आणला. परत आलो.

७ ऑक्टोबर

गुपचूप वायर काढावी म्हटलं. भाऊ जागचा हलेना. माझी हिंमतही हलेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

निंबा मामाने शेवटी भाऊलाच फोन केला, भाऊने हो म्हटलं. दिवाळीआधी निघतोय! मला म्हणतो, "तू राहा इथे, तुझं चांगलं चाललंय."

चांगलं! आता गप्प बसलो तर हा दीपनगरला जाऊन जन्मभर स्वतःलाच दोष देणार. सांगितलं तर माझं तोंड बघेल का?

तरी सांगायचं. वायर काढली की अजून पंधरा दिवस हातात आहेत.

१५ ऑक्टोबर

सांगितलं. सगळं, नानांपर्यंत.

भाऊ पुस्तकं खोक्यात भरत होता. "पाइपावरची ना? दिसली होती मला. गेल्या महिन्यात काढली पण होती. तू हॉस्टेलच्या कामावर होतास तेव्हा."

मला कळेना. मग घूं?

"गेली की. दोन दिवस पेशी अगदी साफ ऐकली. उंदीर वाट शिकला. ताल तोच राहिला, कुंदन. काहीच बदललं नाही." खोक्याला दोरी लावली. "परत बांधली मी ती. घूं असली की तिच्यावर ढकलता येतं."

तो खाली गेल्यावर पिंजऱ्यामागे वाकून बघितलं. सोपट माझं. गाठ एकेरी.