औषधाचा रंग

१४ मार्च

भाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

मी बरी आहे. दुकान उघडलंय. ह्यांच्या मशीनवर बसून काज-बटणं आणि पडदे करते. कोटाला हात लावत नाही, तो त्यांचा प्रांत. खिडकीजवळचं तुमचं मशीन एकजण भाड्याने मागत होता. दिलं नाही. का, ते विचारू नका.

काल जाऊबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता रडू फुटलं त्यांना. तुम्ही इस्त्री करताना पडलात, हातपाय झटकलेत म्हणे. डोक्याच्या फोटोत ह्यांच्यासारख्याच जंतांच्या गाठी निघाल्या. दोघं भाऊ एका ताटात जेवलेले, दुसरं काय निघणार! आणि गोळ्यांची पिशवी म्हणे तुम्ही कपाटावर फेकलीत.

का फेकलीत, ह्याचा अंदाज आहे मला.

ह्यांना तीच गोळी मिळाली तेव्हा तुम्ही हसला होतात, "दादा, ही तर शाळेत पोरांना देतात!" मग त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, "जंत मरताना सूज येते, त्रास वाढतो. म्हणून सुजेची आणि झटक्यांची गोळी सोबत आहे, वाढलं तर मला गाठा, मनाने काही बंद करू नका." पण तुम्ही पडलात शिंपी. नव्या कापडाचा तुकडा धुवून बघायचा, रंग गेला की कापड परत. "दादा, ह्या औषधाचा रंग जातोय, बंद कर," म्हणालात. त्यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या. तुमचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. जिन्यात झटका आला, तेव्हा खालून तुम्हीच उचललंत त्यांना.

त्यानंतर तुम्ही दाराशी येऊन उभे राहायचात आणि मी शिलाई मारत राहायचे. मायेपोटी बोललात, हे कळतं. तरी राग जात नाही. खोटं कशाला लिहू?

आजच डॉक्टरांकडे जा. ते म्हणतील तशा गोळ्या घ्या. मळमळेल, डोकं दुखेल. तेव्हा त्यांना सांगा, मलाही सांगा. भीतीने फेकल्या असतील तर मी येऊन उशाशी बसते. शिक्षा म्हणून फेकल्या असतील, तर तो हक्क तुमचा नाही, माझा आहे.

हे गेले, आता हक्काने रागवायला मला एकच माणूस उरलाय. तेवढा तरी राहू द्या.

तुमच्या मशीनला तेल घालून ठेवते.

अजून रागावलेली,
तुमची वहिनी