खंडेनवमीला राहिलेला चेंडू

मखमलाबाद, नाशिक
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप सिंधुअक्कास धाकट्या कोंडाजीचा दंडवत.

तुझे गुडघे कसे आहेत? पेठच्या चढावर सांभाळून चाल. इकडे सर्व क्षेम आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं).

अक्का, तुझी भाची वेदिका बिघडली. सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडून पोरगी रग्बी खेळते, तेरा-तेरा जणींची, आणि म्हणे त्याचा पगार मिळतो. पगार घेऊन खेळणाऱ्या पहिल्याच पोरींत म्हणे तिचं नाव! मला संशय आला तो इथेच. खेळायचे पैसे कोण कशाला देईल? चेंडू पपईसारखा लांबट, आणि पुढे जायचं तर तो मागे फेकायचा. असला उलटा धंदा सरळ माणसं करत नाहीत. करारपत्र मी तीनदा उन्हात धरून पाहिलं (शिक्का खरा निघाला, त्याने संशय वाढलाच). कारखाना म्हणतो, सोमवारपर्यंत परत ये, कायम करतो. आणि ही ढिम्म.

खंडेनवमीला मी कुदळ, खुरपी, फवारणीचा पंप, फुलांचा तराजू असं सगळं पूजेला मांडलं, तर हिने शेजारी तो चेंडू ठेवला! पूजा हत्यारांची असते, खेळण्यांची नाही, असं म्हणून मी तो चपलांच्या फळीवर टाकला. एवढी भांडखोर पोर गप्प बसली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

म्हणून रविवारी तिच्या मागोमाग देवळाली कॅम्पला गेलो (हातात झेंडूची पाटी, कोणी हटकलं तर फुलं विकतोय म्हणायला). सामना खरंच होता. थोड्या वेळाने पाच जणी वेदिकावर पडल्या आणि ती उठेना. पाटी टाकून मैदानात धावलो आणि एकीची वेणी धरून ओढली. शिट्ट्या वाजल्या, पंचाने माझा दंड धरला. तेवढ्यात खालून वेदिका उठली, नाकाचं रक्त पुसलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नाना, बाहेर व्हा. मी कामावर हाय."

फुलबाजारात ती लहानपणी मध्ये मध्ये करायची, तेव्हा मी तिला हेच म्हणायचो. मी बाहेर आलो.

तरी तू शनिवारी ये आणि तिला कारखान्यात धाड. तुझं ती ऐकते.

तुझा,
कोंडाजी

ता. क. नागलीचे पापड आण.

ता. क. शनिवारी नको, रविवारी सकाळी ये. सामना आहे. मला धरून ठेवायला शेजारी कोणीतरी हवं.

ता. क. खंडेनवमीला राहून गेलेल्या हत्याराची पूजा मागाहून केलेली चालते का, तेवढं तुमच्या गुरवाला विचारून ये. झेंडू मी वेगळा काढून ठेवलाय.