बॉस्टनला तू जाणार नाहीस

मार्नी,

सूप फ्रिजमध्ये आहे. बाबांना कोमट करून हळूहळू भरव, त्यांना ठसका लागतो.

बॉस्टनच्या कॉलेजला सकाळी फोन करून मी तुझी जागा सोडली. आमच्या शाळेतल्या मुलांचे कॉलेजचे प्रवेश मीच बघते, म्हणून ते मला ओळखतात. कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

काल तू दारातून ओरडलीस, "आई, या घरात माझा जीव गुदमरतो!" अर्धांगवायूने बाबांची वाचा गेलीय, कान शाबूत आहेत. ते किती रडले, ते तू थांबून बघितलं नाहीस. आता इथल्याच कॉलेजात जा. बस दारावरून जाते.

संध्याकाळी शाळेत पालकांची सभा आहे. मुलांना घरापासून लांब शिकायला पाठवताना मन कसं घट्ट करावं, यावर मी बोलणार आहे. यायला उशीर होईल.

आई