आईचा कोळसा

प्रिय आई,

तुझा फोन आला तेव्हा मी दारात शाळेची बस धूत होतो आणि बाबा ओसरीवर कान टवकारून बसले होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तेव्हा हे लिहितोय.

परवा दुकानात ओपल मावशी भेटली. शाळेच्या स्वयंपाकघराचा तुझा कारभार आता तीच सांभाळते. रांगेतल्या सगळ्यांना ऐकवत होती, "आमची लोर्ना डॉक्टर होतेय! सुई टोचणारी नव्हे, कोळशाची!" एकजण म्हणाला, "का बाई, वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाला काय आजार झालाय?" तर म्हणाली, "तुझं डोकं तपासायला येईल हो, थांब जरा." मी पाव घ्यायला गेलो होतो, तो विसरून छाती फुगवून घरी आलो.

नदीचं पाणी नासलं तो उन्हाळा आठवला. शाळेच्या नळांना फिल्टर बसवले आणि वापरून झालेला एक तू घरी आणून ओट्यावर फोडलास. आत काळे दाणे. बाबा हसले, "च्यायला, हा तर कोळसाच! जन्मभर मी हाच उपसला." तू नाही हसलीस. "मग खाणीतला कोळसा तुमची छाती घाण करतो आणि हा पाणी साफ करतो, असं कसं?" उत्तर कोणालाच येईना, म्हणून चाळिशीत तू कॉलेजात नाव घातलंस, तेही माझ्याच वर्गात! मी रसायनशास्त्रात नापास झालो, तू पहिली आलीस. पोरं चिडवायची, "आईला विचार रे, आईला!" मी मात्र मुद्दाम तुझ्या शेजारीच बसायचो.

मॉर्गनटाउनच्या विद्यापीठात तुझी प्रयोगशाळा बघायला आलो, तेव्हा तुझ्याबरोबर संशोधन करणारी इनेस म्हणाली, "माझे आईबाबा दोघंही प्राध्यापक. मला घरातून ढकललंय इथे. तुझ्या आईला कोणीच ढकललं नाही, तरी रोज सगळ्यांत आधी भट्टी तीच पेटवते." आपल्या परसातल्या अक्रोडांची टरफलं तू हवा लागू न देता भाजतेस. त्यांच्या कोळशाला इतकी बारीक छिद्रं असतात की पाण्यातली घाण त्यांत अडकून बसते. डोंगर पोखरायला नको, कोणाला खाली उतरायला नको. हे मी बसमध्ये इतक्यांदा सांगितलंय की पोरं कंटाळून गाणी म्हणायला लागतात.

आता मुद्द्याचं. प्रबंधावरची तुझी तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर होणारी, मे महिन्यात ठरलीय, पण एक प्रयोग मनासारखा झाला नाही म्हणून ती ऑक्टोबरच्या पानगळीपर्यंत पुढे ढकलायची, असं तू म्हणालीस. तुझ्या सरांच्या मते तर प्रबंध तयार आहे. तुला सांगायचं नाही अशी बाबांनी मला शपथ घातलीय, ती मी मोडतोय. त्यांना ऑक्सिजनचा सिलिंडर आता दिवसाही लागतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. उन्हाळ्यापलीकडचं ते काहीच बोलले नाहीत. बाबांना सगळं ठाऊक आहे. "तिला कळलं तर टाकून येईल सगळं," म्हणतात. निळा कोट इस्त्री करून ठेवलाय आणि मला बजावलंय, पहिल्याच रांगेत बसवायचं. आई, सगळं टाकून येऊ नकोस. फक्त तारीख बदलू नकोस. मे महिन्यात मी त्यांना घेऊन येतो.

तुझाच,
वेंडेल