भागम्माचा कीटो

१० जुलै, सकाळी ७
आजपासून बायकोचा, भागम्माचा कीटो. भाकरी, भात, गूळ बंद. कॅन्सरच्या गाठीला साखर लागते. साखर तोडली की गाठ उपाशी मरते. व्हिडिओत स्वच्छ सांगितलंय. मी सातवी पास, पण एवढं कळतं. पेडगावहून तूप आणलं.

१२ जुलै
दवाखान्यात आहार सांगायला एक पोरगी ठेवलीय, स्वप्ना मॅडम. म्हणाली, नागप्पाकाका, मनानं पथ्य करू नका, कीटोवर अजून अभ्यास चालू आहे. काकूंचं वजन चाळीस. अडतीसच्या खाली गेलं तर पुढची केमो थांबेल.
चालू द्या अभ्यास. आमचा झाला.

१५ जुलै
भागम्मानं ताट तसंच सारलं. म्हणे, तुपाच्या वासानंच उमळायलंय. आता गळ्यातल्या लिंगाला दाखवलेलं अन्न म्हणजे प्रसाद. टाकता येतं? आपण लिंगायत तर ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितो. नाइलाजानं मीच संपवलं.

१९ जुलै
सून त्रिवेणी म्हणाली, मामा, आत्याबाई लय वाळल्या, दोन घास भाकरी द्या की. बी.ए. झालीय, अक्कल तेवढी राहिली. ज्वारीच्या पिठाचा डबा कपाटात घातला. किल्ली माझ्या करगोट्याला.
आजही पनीर, खोबरं, तूप मीच संपवलं. सेवाच ही.

२४ जुलै
पायजमा कमरेला बसेना. धुतल्यावर आटला. हल्लीच्या कापडात दम नाही.
भागम्मा भिंत धरून न्हाणीत गेली. म्हणजे गाठ मरायलीय. मरताना त्रास देणारच. तिचा हात धरला तर बांगडी कोपरापर्यंत सरकली. बांगड्याही हल्ली ढिल्या करतात.

३० जुलै, दुपार
वजन सदतीस. केमो थांबली. काटा खराब असणार, असं मी म्हणालो. काय खातात, मॅडमनं विचारलं. मी सगळं पथ्य वाचून दाखवलं. भागम्मा एवढंच म्हणाली, त्यायला उभं करा काट्यावर. पथ्य त्यायनंच केलंय.
साडेचार किलो वाढलो. मॅडम हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळ
किल्ली सुटेना, पोट आडवं आलं. करगोटाच कापला. त्रिवेणीनं भाकरी थापली, वरणात कुस्करली. भागम्मानं अर्धी खाल्ली. उरली तर संपवावी म्हणून मी शेजारीच बसलो होतो.
ताट तिनंच धुतलं. पाणीही तीच प्याली.